आईचं माहेर माझ्या डोक्यात

कोल्हापुरात सहा दिवस राहिला आणि पांढरा रस्सा न चाखता परत आला, असा माणूस तुम्हाला पहिल्यांदाच भेटत असेल. अमरावतीच्या मित्रांनी मला वेड्यात काढलं. पण आईचं माहेर लिंगायतांचं, हातकणंगल्याच्या पुढच्या एका खेड्यातलं. त्या घरात अंडंसुद्धा येत नाही. तेव्हा ज्यांना रश्श्याची वर्णनं वाचायची असतील त्यांनी इथेच थांबलेलं बरं. मला जे सांगायचंय ते वेगळं आहे आणि चांगलं तर अजिबात नाही.

माझं नाव अनिकेत, वय एकोणीस. मी आठवीत असताना बाबा गेले, तेव्हापासून घरात आई आणि मी. आई शिवणकाम करते, म्हणजे करायची. ब्लाउज शिवावा तर सुनंदाताईंनीच, असं आमच्या अख्ख्या कॉलनीत म्हणत. गेल्या दसऱ्यापासून तिचं डोकं दुखायला लागलं आणि पाठोपाठ विसरणं सुरू झालं. आधी किल्ल्या, मग शेजारणींची नावं. दिवाळीच्या तोंडावर एकदा ती कापड पुढ्यात घेऊन तशीच बसून राहिली. कात्री कुठून चालवायची तेच तिला उमगेना. वय अवघं पंचेचाळीस. डॉक्टरांनी डोक्याचे फोटो काढले, रक्त तपासलं, सगळं चांगलं निघालं. एवढं सगळं चांगलं असताना माणूस शेजारणीला 'तुम्ही कोण' म्हणून का विचारतो, ते मात्र कुणी सांगेना.

डोकं दुखायला लागलं त्या दिवसापासून मी आपला रोज सकाळी तिच्या डोक्याला तेल लावायचो. ब्राह्मी आणि माक्याचं, समोरच्या काकूंनी सांगितलेलं. ती पाटावर बसायची, मी मागे खुर्चीवर, आणि अर्धा-अर्धा तास टाळू, कानशिलं, मान चोळायचो. ती डोळे मिटून म्हणायची, "तुझ्या हाताला गुण आहे रे अनि. सगळं हलकं होतं." ती जितकं जास्त विसरायला लागली तितकं मी जास्त चोळायला लागलो. मुलानं याहून वेगळं काय करायचं असतं?

दिवाळीचे राहिलेले सात ब्लाउज मी कापले आणि शिवले. जन्मात कधी सुईत दोरा ओवला नव्हता, पण हात चालत गेला. गिऱ्हाइकांनी नावाजले. मित्र 'टेलर मास्तर' म्हणून चिडवायला लागले. मला वाटलं, अंगावर पडलं की येतं माणसाला.

आईनं जातीबाहेर लग्न केलं म्हणून बावीस वर्षं माहेर बंद होतं. घरात तो विषय निघत नसे. तिथला एक फोटो नव्हता, तिथली एक गोष्ट मी तिच्या तोंडून ऐकली नव्हती. हे नीट लक्षात असू द्या. तिच्या आजाराचं कुणाकडून तरी कळलं आणि मामाचा फोन आला, "अक्काला घिऊन ये. झालं गेलं गंगेला मिळालं." डॉक्टरही म्हणाले, लहानपणच्या जागी न्या, काही उजळलं तर उजळेल. मी बॅगा भरल्या, तेलाची बाटली आठवणीनं घेतली.

कोल्हापूर शहर

गाडीत आई कधी नव्हे इतकी खुलली. इकडच्या बायका 'मी येतो, मी जातो' असं पुरुषासारखं बोलतात, हे मला तिच्या तोंडून पहिल्यांदा कळलं. "मी दावतो तुला समदं," ती म्हणाली. अमरावतीत बावीस वर्षं दाबून ठेवलेली बोली एका रात्रीच्या प्रवासात वर आली. काय दाखवणार ते काही तिनं सांगितलं नाही, नुसती खिडकीबाहेर बघून हसत होती. इतक्या महिन्यांनी तिला हसताना पाहून मला भरून आलं.

मामाकडे जायच्या आधी एक दिवस शहरात काढावा असं मी ठरवलं होतं. देवळाजवळच्या एका लॉजवर उतरलो. आंघोळीआधी मी नेहमीसारखं तेल लावलं, आणि तिला बरं वाटलं म्हणून त्या दिवशी जरा जास्त वेळ लावलं. मग आम्ही बाहेर पडलो. आई लॉजच्या दारात उभी राहिली, डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं आणि म्हणाली, "अनि, हे कुठलं गाव?"

मला रडू यायचंच बाकी होतं. पण तेव्हाच एक गंमत झाली. म्हणजे त्या वेळी मला ती गंमत वाटली. मला रस्ता माहीत होता. कोपऱ्यावर वळलं की बांगड्यांची ओळ, तिच्या मागून एक बोळ, बोळात डाव्या हाताला तीन पायऱ्यांचं घर, तिथून पुढे तळ्याकडे जाणारी वाट. मी पुढे आणि आई माझ्या मागे, असे आम्ही दिवसभर फिरलो. एकदाही कुणाला विचारावं लागलं नाही. रिक्षावाला लांबून न्यायला लागला तर मी त्याला मधली गल्ली सांगितली. त्यानं आरशातून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "पावणं, हितलंच हाय म्हना की मग!"

कोल्हापुरी माणसाचा हा आवाज ऐकून पहिल्या दिवशी वाटतं की भांडण चाललंय. आमच्याकडे चहा विचारतात. इथे 'घ्या की चहा!' असा हुकूम सुटतो आणि तुम्ही नको म्हणालात तर समोरच्याला खरंच राग येतो. त्या एका दिवसात मी पाच चहा प्यालो.

संध्याकाळी चौकातल्या दुधाच्या कट्ट्यावर दूध प्यायला गेलो. तिथे म्हशी उभ्या असतात, समोर धार काढतात आणि फेसाळलेला ग्लास तुमच्या हातात देतात. मी ग्लास तिरपा धरला, फेस आधी ओठाला लागू दिला आणि एका दमात संपवला. धार काढणारा गवळी मान तिरकी करून बघत होता.

"कुठलं म्हनायचं पावणं?"

"अमरावती."

"मग असं प्यायला कुनी शिकिवलं? भायेरचा मानूस ग्लास सरळ धरतोय अन् नाकाला फेस लावून घेतोय."

माझी छाती फुगली. मला वाटलं, आपल्यात काहीतरी आहे. मागच्या जन्मीचं असेल, दैवी असेल, पण आहे. एकोणीस वर्षांच्या मुलाला आपण इतरांसारखे नाही एवढं कळलं की पुरे, तो पुढचं काही बघत नाही. आई शेजारी उभी होती. तिनं एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "ई, कच्चंच आहे की हे," ती म्हणाली. ते तिनं अमरावतीच्या भाषेत म्हटलं.

मामाचं घर

बसूमामा म्हणजे दारात मावणार नाही असा माणूस. आईला बघून तो लहान मुलासारखा रडला आणि मग मला इतकं घट्ट कवटाळलं की बरगड्या कडाडल्या. आईनं भावाला ओळखलं. "बसू, केवढा झालास रे," म्हणाली. तेवढ्यानं मामीनंही डोळ्याला पदर लावला.

जेवायला शेंगांची पोळी, दपाटी, खर्डा आणि दह्याचं वाडगं. आमच्या सावजी रश्श्याला तिखट म्हणणारांनी एकदा हा खर्डा खाऊन बघावा. घरातली रीत मला नवीन होती. आमच्याकडे देव देवघरात बसतात, इथे मामा गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर घेतो आणि त्याच्याकडे एकटक बघत बसतो. मी जरा लांबूनच बघत राहिलो.

जेवण झाल्यावर मामाला गुऱ्हाळावर जायचं होतं आणि मोटारीच्या खोलीची किल्ली सापडेना. सकाळीच स्वतःच्या हातानं ठेवली म्हणत होता, पण कुठं ते आठवेना. घर डोक्यावर घेतलं त्यानं. मी सहज म्हणालो, "बसवेश्वरांच्या फोटोमागे खिळ्याला आहे."

किल्ली तिथेच होती. सगळे हसले. "भाच्याला दृष्टी हाय!" मामा म्हणाला आणि पाठीवर थाप मारली. हे आत्ता लिहिताना एकच गोष्ट डोळ्यांपुढे येते. त्यानं मला कवटाळलं होतं, एवढंच झालं होतं.

मामा-मामी आपसातलं बोलायचं असलं की कानडीत बोलतात. दुपारी मामी म्हणाली की अक्काला इथे ठेवून हा पोरगा निघून गेला तर आपण काय करायचं. मला कानडीचं अक्षर येत नाही आणि मला ते सगळं समजलं. मी तिला म्हणालो, "मामी, नाही टाकून जाणार मी तिला." ती बिचारी ओशाळली. मला मात्र पुन्हा आपल्या दैवी शक्तीचं कौतुक वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आईच्या डोक्याला तेल लावलं. मामी चुलीपाशी भाकरी थापत होती, म्हणाली, "लेक असावा तर असा." अर्ध्या तासानं आई उठली, माझ्याकडे वळली, पदर नीट केला आणि म्हणाली, "लई उपकार झालं, पावणं."

मला वाटलं, चेष्टा करतेय. मी हसलो. ती हसली नाही.

गुऱ्हाळ

ज्यांनी गुऱ्हाळ बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. एका बाजूला चरकात ऊस पिळतात. रस मोठ्या पसरट कढईत येतो, तिला काहील म्हणतात. ती एवढी मोठी की आमची अख्खी मोरी तिच्यात मावेल. खाली वाळलेली चिपाडं घालून जाळ करतात. रसात भेंडीचा चीक टाकतात, मळी वर येते, ती काढत राहायची. मग रस उकळून उकळून सोनेरी होतो आणि त्यानंतरची दोन-तीन मिनिटं सगळ्या गावाचा जीव एका माणसाच्या बोटात असतो. तो गुळव्या. तो उकळता पाक थेंबभर घेऊन गार पाण्यात टाकतो, बोटांनी त्याची गोळी वळतो आणि त्यावरून काहील कधी उतरवायची ते ठरवतो. लवकर उतरवली तर ढेप बसत नाही, उशीर झाला तर गूळ जळून काळा पडतो. यंत्रं आली, तरी हे काम अजून बोटांचंच आहे. आणि गुऱ्हाळावर आलेला माणूस, ओळखीचा असो नसो, रस प्यायल्याशिवाय आणि गरम गूळ खाल्ल्याशिवाय जाऊ देत नाहीत.

चौथ्या दिवशी मामा आम्हाला त्याच्या गुऱ्हाळावर घेऊन गेला. तिथले गुळव्या तात्या. आईचे सख्खे मामा, सत्तरीच्या पुढचे, काटकुळे. त्यांचे दोन्ही हात खांद्यावरच्या टॉवेलात गुंडाळलेले होते. मी पाया पडायला वाकलो तर ते झटकन मागे सरले. "तात्यांचं सोवळं कडक हाय, कुनाला शिवत न्हाईत," मामानं सांगितलं. चहाचा कपसुद्धा जमिनीवर ठेवायचा, मग ते उचलणार.

मी काहिलीजवळ उभा राहिलो. वाफ तोंडावर आली आणि मला काय झालं ते सांगता येत नाही. पाकाचे बुडबुडे लहानाचे मोठे झाले, मग त्यांचा आवाज बदलला. मी पळीनं थेंब घेतला, पाण्यात टाकला, बोटांत फिरवला. गोळी मऊ होती, पण कडेला किंचित दात लागेल इतकी घट्ट. माझ्या तोंडून निघालं, "उतरवा! लगेच!"

लोकांनी तात्यांकडे बघितलं. तात्यांनी मान हलवली आणि सहा जणांनी दांडे घालून काहील ओढली, पाक गार करायच्या पसरट वाफ्यात ओतला. बावनकशी सोन्याचा रंग. मामा ओरडला, "अरं, रक्त हाय ते! अक्का बी अशीच हुती! दहा वर्साची असताना हितं उभी ऱ्हाऊन सांगायची, उतरा म्हून. तात्यांनीच शिकिवलेलं तिला. अक्का, आठवतंय न्हवं?"

आई माझ्या शेजारीच होती. ती वाफ्यात अजून बुडबुडणाऱ्या पाकाकडे कुतूहलानं बघत होती. तिनं मामाच्या बाहीला हळूच ओढलं आणि विचारलं, "बसू, हे काय उकळत्यात रं? भात हाय व्हय?"

 मी तात्यांकडे बघितलं. ते माझ्याकडे बघत होते आणि त्यांचं तोंड पांढरं पडलं होतं.

तात्या

त्यांनी मला चिपाडांच्या गंजीमागे नेलं. ऊन डोक्यावर होतं. पहिला प्रश्न त्यांनी एवढाच विचारला, "तिला तू काय चोळतोस?"

"तेल. डोक्याला. रोज."

त्यांनी डोळे मिटले. मग टॉवेल सोडून हात माझ्यापुढे धरले. दोन्ही तळवे भाजून जुने वण पडले होते.

"मी इसाव्या वर्सात हुतो," ते म्हणाले. "बापाची पाठ धरायची, म्हून रोज चोळायचो. सा म्हयन्यात मी तालुक्यात एक नंबरचा गुळव्या झालो. लोक म्हनायचं, बापाच्या वरचढ निगाला. अन् बाप काहिलीजवळ आला की मला इचारायचा, हितं काय शिजतंय? भात हाय व्हय?"

तात्यांनी टॉवेल पुन्हा हातांभोवती गुंडाळला.

"आमच्या घरातल्या बाप्यांस्नी येतं हे. समद्यांस्नी न्हाई. मिसरूड फुटल्यावर. कातड्याला कातडं लागलं की समोरच्याचं आपल्याकडं येतं. जरा लागलं तर जरा, लई लागलं तर लई. मी तळवं काहिलीला लावून जाळून घेतलं. कायबी फरक पडला न्हाई. कुठलंबी कातडं चालतंय त्येला. म्हून लगीन केलं न्हाई. कुनाला हात लावायचा?"

"परत देता येतं?"

"बापाच्या म्होरं वर्सभर बसून समदं सांगितलं. त्येला ती दुसऱ्याची गोष्ट वाटायची. ऐकायचा, हसायचा. आत कायबी उतरलं न्हाई."

"पण मी तर तिला बरं व्हावं म्हणून..."  मी त्या गंजीत तोंड खुपसून रडलो. वीस वर्षांत कमावलेलं तिचं शिवण, तिच्या शेजारणी, हे शहर, हे गुऱ्हाळ, दूध प्यायची रीत, शेवटी माझं नाव. सगळं मी माझ्या हातानं काढून घेतलं होतं, आणि ती 'हलकं वाटतं' म्हणत होती. तात्या हाताच्या अंतरावर उभे होते. त्यांना माझ्या डोक्यावर हात ठेवायचा होता, ते दिसत होतं. त्यांनी ठेवला नाही.

"लांब जा तिच्यापास्नं," ते म्हणाले. "जे ऱ्हायलंय ते तरी तिचं तिला असू दे."

दोन दिवस

पाचव्या दिवशी मी तेल लावलं नाही. पूर्ण बाह्यांचा शर्ट घातला, मफलर गुंडाळला आणि पुढच्या सोप्यात तिच्यापासून चार हात लांब बसलो. मामीला वाटलं थंडी वाजतेय, तिनं काढा दिला.

आई थोडी स्थिरावली. तिच्याकडे काय उरलंय ते मी चोरासारखा मोजत होतो. भाऊ होता. भाकरी थापणं होतं. आणि एक बाळ होतं. सकाळी मामीचा आवाज चढला तर ती म्हणाली, "हळू बोला, बाळ झोपलंय." तासाभरानं, "बाळ कुठाय? पाजायचं ऱ्हायलंय त्येला." दुपारी, संध्याकाळी, दर थोड्या वेळानं तेच. मामा वैतागला. "अक्का, अगं बाळ मोठं झालं की! ह्ये काय बसलंय म्होरं!"

आईनं माझ्याकडे नीट बघितलं आणि तोंडाला पदर लावून हसली. "ह्ये व्हय? ह्ये तर घोडं हाय!"

सगळे हसले. मीही हसलो, करणार काय.

तात्यांनी सांगितलं होतं तरी मी प्रयत्न केलाच. अंगणात ती शेंगा फोडत बसली होती. मी लांबूनच तिला गोष्ट सांगायला लागलो. एक पोरगी होती. दहा वर्षांची असताना ती काहिलीजवळ उभी राहून गूळ झाला का ते सांगायची. तीन पायऱ्यांच्या घरात राहून ती शिवण शिकली. शिवणाच्या क्लासला जाताना तिला एक अमरावतीचा मुलगा भेटला, नोकरीसाठी आलेला, वेंधळा. त्यानं दुधाचा ग्लास सरळ धरला आणि नाकाला फेस लावून घेतला, आणि ती इतकी हसली की तिच्या हातातला ग्लास सांडला. हे सगळं मला दिसत होतं. बाबांचं पंचविशीतलं तोंड मला दिसत होतं, तिनं बघितलं होतं तसं.

तिचे हात थांबले होते. 

"मग? लगीन केलं तिनं त्येच्यासंगं?"

"केलं."

"बरं केलं बाई," ती म्हणाली आणि पुढची शेंग घेतली. "आता कुठं असतीया ती?"

"तिच्या माहेरी असते," मी म्हणालो.

"बरं हाय," आई म्हणाली. "म्हायेर असल्यागत सुख न्हाई. पावणं, शेंगा खावा की."

निघताना

मामाला मी परीक्षा आहे असं सांगितलं. आई इथेच राहू दे म्हणालो. खरं सांगून उपयोग नव्हता, त्यानं विश्वास ठेवला नसता आणि ठेवला असता तर मला मिठी मारून बघितली असती. त्याचं तोंड उतरलं. आल्या दिवशी मी मामीला दिलेला शब्द तिच्या डोळ्यांत स्पष्ट दिसत होता. आईला टाकून जाणारा मुलगा म्हणून मी त्या घरातून निघालो, आणि अजूनही त्या घरात मी तोच आहे.

दारात बॅग ठेवून मी लांबूनच हात जोडले. "शरणार्थी," म्हणालो, त्यांच्यात नमस्काराला म्हणतात तसं.

मामा भडकला. "आईच्या पाया पडत न्हाईस? अमरावतीत असलं शिकिवत्यात व्हय रं?"

मी वाकलो नाही. पाय जमिनीत रोवून उभा राहिलो. शेजारपाजारचे बघत होते. तात्या अंगणाच्या कडेला होते, त्यांनी मामाला गप्प करायला तोंड उघडलं, पण आई त्यांच्या आधी बोलली.

"असू दे रं बसू. पावणं लाजत्यात."

आणि ती पायऱ्या उतरून माझ्याकडे आली. मी मागे सरायला हवं होतं. मी हा क्षण हजारदा मनात फिरवलाय आणि दर वेळी मी मागे सरतो. त्या दिवशी सरलो नाही. माझी आई माझ्याकडे चालत येत होती आणि मला तिथून हलता आलं नाही. तिनं दोन्ही हातांनी माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि आपल्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली, जशी कुठल्याही परक्या पोरावरून मोडली असती.

आणि मला दवाखान्याची खोली दिसली. अमरावतीचं ऊन, वर फिरणारा पंखा. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं असतं, पण तिच्याजवळ माहेरचं कुणी नव्हतं. मांडीवर एक लालबुंद, सुरकुतलेलं मूल होतं, आणि ती त्याची बोटं पुन्हा पुन्हा बघत होती. खोलीत कुणी ऐकायला नाही असं बघून ती तिच्या बोलीत त्याला म्हणाली, "आलास व्हय रं? मी हाय की. मी कुठं जात न्हाई."

मला माझा जन्म आठवतो. जगात कुणाला आठवत नसेल, मला आठवतो.

मी डोळे उघडले तेव्हा आई आपल्या तळव्यांकडे बघत होती, काहीतरी हातातून पडल्यासारखी. मग तिनं पदर खोचला, "भाकरी करपंल," म्हणाली आणि आत गेली. मी एसटीपर्यंत चालत गेलो. तात्या बरेच अंतर ठेवून माझ्या मागून आले आणि गाडी हलेपर्यंत उभे राहिले.

मामाचा दर रविवारी फोन येतो. आधी तो मला शिव्या घालतो, मी ऐकून घेतो. मग आईचं सांगतो. परवा म्हणाला, "अक्का आता निवांत हाय बघ. आदी बाळ-बाळ करून जीव खायाची. तू गेल्यापास्नं एकदाबी नाव काढलं न्हाई तिनं."

"बरं झालं, मामा," मी म्हणालो.